विचारपूस, कूटनीती, उसंत: दुकानाला दुहेरी अर्थाचं नाव देताना सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवं दुकान काढताना भाडं, अनामत, फर्निचर यांचा हिशेब महिनाभर चालतो आणि नाव मात्र पाटीवाला दारात उभा राहिल्यावर ठरतं. श्लेषाच्या नावाचं असं चालत नाही. ते घाईत ठरवलं तर हमखास फसतं. खाली जी नावं दिली आहेत ती समजावून सांगण्यापुरती आहेत. त्यातलं एखादं आवडलं, तर ते आधीच कुणी घेतलं आहे का हे पाहूनच वापरा.

श्लेषाचं नाव म्हणजे नेमकं कसलं नाव?

शाळेच्या व्याकरणात ‘शंकरास पूजिले सुमनाने’ हे उदाहरण होतं. सुमन म्हणजे फूल आणि सुमन म्हणजे चांगलं मन. शब्द एक, अर्थ दोन. शब्द न तोडता दोन अर्थ निघाले तर तो अभंग श्लेष आणि तोडल्यावर निघाले तर सभंग श्लेष. पाट्यांवर दोन्ही चालतात.

पंक्चरच्या दुकानाला ‘हवापालट’, चष्म्याच्या दुकानाला ‘दृष्टिकोन’, फळांच्या रसाच्या दुकानाला ‘रसग्रहण’, चपलांच्या दुकानाला ‘पायगुण’. यातला एकही शब्द नवा नाही. रोजचाच शब्द, फक्त दुकानाच्या दारात उभा केल्यामुळे त्याचा दुसरा अर्थ जागा झाला.

सभंगाचं आमचं सर्वांत लाडकं उदाहरण टॉवेलच्या दुकानाचं आहे: ‘विचारपूस’. आस्थेनं केलेली चौकशी हा एक अर्थ आणि शेवटचं ‘पूस’ म्हणजे अंग पूस. टॉवेल-नॅपकिन विणणाऱ्या या गावाला यापेक्षा नेमकं नाव सुचवणं अवघड आहे. ‘टिपूर’ही त्याच जातीचं, पण जरा हळुवार. चांदणं टिपूर असतं आणि टॉवेल पाणी टिपतो.

नुसती गंमत आणि चांगलं नाव यांत फरक काय?

आमची कसोटी एकच: दोन्ही अर्थ दुकानाच्या बाजूनं बोलले पाहिजेत. एक अर्थ माल सांगतो आणि दुसरा विरोधात जातो, असं झालं की नाव फसलं.

चष्म्याच्या दुकानाला ‘नजरचूक’ हे नाव ऐकताना मजेशीर वाटतं, पण नंबर काढून घ्यायला आलेल्या माणसाला चूक हा शब्द नको असतो. चहाच्या टपरीला ‘चहाटळ’ म्हटलं तर ‘चहा’ त्यात अलगद बसतो, पण चहाटळ म्हणजे वाह्यात बोलणारा. तिथं बायकामुलांसह कुणी थांबणार नाही. उलट रसवंतीला ‘उसंत’ ठेवून पाहा. ऊस त्यात दडलेला आहे, आणि भर उन्हात दोन घटका टेकायची जागा हा दुसरा अर्थ. दोन्ही अर्थ गिऱ्हाइकाला आत बोलावतात.

शेंगा चटणीच्या दुकानाला ‘कूटनीती’ हेही असंच पक्कं नाव. दाण्याचा कूट आणि मुत्सद्देगिरी. इथं दुसरा अर्थ मालाची स्तुती करत नाही, पण बदनामीही करत नाही. आणि ‘कूट’ ऐकल्याबरोबर सोलापूरकराच्या डोळ्यांसमोर कडक भाकरीवरची लालभडक चटणी येते. तेवढं झालं की नावाचं काम झालं.

नाव शोधायचं कसं? सुरुवात कुठून करायची?

वही घ्या आणि पानाचे तीन रकाने करा. पहिल्यात मालाचे आणि हत्यारांचे शब्द लिहा: शिंप्यासाठी माप, टाका, शिवण, काज, गज, अस्तर. दुसऱ्यात त्या धंद्यातली क्रियापदं: बेतणे, उसवणे, टाचणे, जोडणे. तिसऱ्यात हे शब्द ज्यांत सुरुवातीला, मध्ये किंवा शेवटी येतात असे रोजचे शब्द, म्हणी आणि वाक्प्रचार. तिसरा रकाना भरायलाच खरा वेळ लागतो. शब्दकोशात फक्त सुरुवातीचं अक्षर पाहून भागत नाही, शब्दाच्या शेवटालाही पाहावं लागतं. ‘पूस’ शोधताना ‘विचारपूस’ सापडते ती तशीच. शिंप्याच्या यादीतून ‘मापदंड’ निघतं, ‘बेतशीर’ निघतं. पिठाच्या गिरणीच्या यादीतून ‘पीठासीन’ निघतं.

म्हणींचा रकाना विसरू नका. चादरीच्या दुकानावर नुसतं ‘अंथरूण पाहून’ लिहिलं, तरी पुढची म्हण वाचणारा स्वतः पूर्ण करतो. वाचणाऱ्यानं अर्धं काम केलेलं नाव तो विसरत नाही.

यादीतली तीनच नावं ठेवा आणि त्यांची परीक्षा घ्या:

१. दहा जणांना फोनवर नाव सांगा आणि लिहून पाठवायला सांगा. तीन-चार जणांनी वेगळं लिहिलं तर ते नाव सोडा. उद्या पत्ता विचारणारेही तसंच चुकणार.

२. नाव कागदावर लिहून पाच जणांना दाखवा, धंदा सांगू नका. कसलं दुकान असेल ते विचारा.

३. ‘मी … मधून बोलतोय’ या वाक्यात नाव घालून मोठ्यानं म्हणा. दिवसातून पन्नास वेळा फोनवर हेच म्हणायचं आहे.

४. चार दिवसांनी त्याच लोकांना नाव आठवतं का, ते विचारा.

दुसऱ्या परीक्षेत नाव नापास झालं तरी घाबरू नका. खाली धंद्याची साधी ओळ आली की ते सावरतं. पहिल्या परीक्षेत नापास झालेलं मात्र सावरत नाही.

सलूनसाठी ‘केस’ या शब्दावर नाव करायचं आहे. जमेल का?

जमेल, पण लिंगाकडे लक्ष द्या. डोक्यावरचा केस पुल्लिंगी, कोर्टातली केस स्त्रीलिंगी. ‘केस जिंकली’ लिहिलं की फक्त कोर्टच उरतं, कारण ‘जिंकली’नं केसांना बाहेर काढलं. ‘तुमचे केस’ लिहिलं की कोर्ट गेलं. दोन्ही अर्थ जिवंत ठेवायचे तर जिथं लिंग दिसत नाही अशी रचना हवी: ‘केस हातात घेतो’, ‘केस आमच्याकडे द्या’. इथं क्रियापद करणाऱ्याच्या मागं चालतं, केसाच्या मागं नाही.

मराठीत श्लेष मोडतो तो बहुतेक वेळा इथंच. शब्द दोन अर्थांचा असतो, पण शेजारचं विशेषण किंवा क्रियापद एकाच अर्थाची बाजू घेतं. म्हणून शक्यतो नाव एका शब्दाचं ठेवा. विभक्तीचाही विचार करा: ‘पीठ’ दीर्घ, पण ‘पिठाची’ ऱ्हस्व, ‘ऊस’ दीर्घ, पण ‘उसाचा’ ऱ्हस्व. ‘उसंत’ मधला ऱ्हस्व उ म्हणूनच खटकत नाही.

श्लेष लोकांच्या लक्षात यावा म्हणून मधे रेघ द्यावी का? अवतरण चिन्हं?

अवतरण चिन्हं नकोत. त्यानं ‘बघा, गंमत केली’ असं ओरडल्यासारखं होतं. रेघ फक्त सभंग श्लेषात आणि तीही शब्द अनोळखी वाटत असेल तरच. चादरी-रजयांच्या दुकानावर ‘ऊब-दार’ अशी रेघ कामाची आहे, कारण तिच्याशिवाय दार दिसत नाही. ‘विचारपूस’ला रेघेची गरज नाही.

दोन भागांना दोन रंग देणं हा जास्त चांगला उपाय. पण फ्लेक्सवर लाल आणि पिवळा रंग उन्हानं आधी उडतात, आणि सोलापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. दोन उन्हाळ्यांत दोन्ही भाग सारखेच फिके झाले की श्लेषही पुसला जातो. गडद निळा आणि काळा जास्त टिकतात. रंगावरच भिस्त असेल तर फ्लेक्सऐवजी अ‍ॅक्रिलिकची अक्षरं करा.

आमचं बरंच गिऱ्हाईक तेलुगू आणि कन्नड बोलणारं आहे. त्यांना श्लेष कळेल का?

पूर्व भागात दुकान असेल तर हा प्रश्न सर्वांत आधी विचारा. सोलापुरात एका पाटीवरून एका वेळी तीन-चार भाषांचे कान फिरत असतात, आणि प्रत्येक कान आपल्या भाषेतला शब्द उचलतो.

साडीच्या दुकानाचं घ्या. तेलुगूत साडीला ‘चीर’ म्हणतात. कन्नडमध्ये ‘सीरे’. मराठीत चीर म्हणजे वस्त्रही होतं, पण बोलण्यात चीर पडते ती फाटलेल्या कापडाला किंवा भिंतीला. म्हणजे ‘चीर’वर केलेलं नाव तेलुगू बाईला साडी सांगेल आणि मराठी बाईला फाटकी साडी. दुधाचंही तसंच. तेलुगूत दूध म्हणजे ‘पालु’, मराठी कानाला मात्र पाल ऐकू येते, तीही दुधाच्या दुकानात. कन्नडमध्ये दूध ‘हालु’. डेअरीला ‘हालहवाल’ म्हटलं तर मराठीला खुशाली ऐकू येते आणि कन्नडला दूध. हे जमतं.

आणखी एक शब्द हाताशी ठेवा: ‘मने’. मराठीत मनाचं अनेकवचन, कन्नडमध्ये घर. पडदे, चादरी, घरसामान विकणाऱ्याला हा शब्द आयता मिळालेला आहे. आणि धोक्याचा शब्द सांगायचा तर, तेलुगूत ‘या’ असं आदरानं म्हणायचा जो शब्द आहे तो हिंदीत घाणेरडी शिवी ठरतो. स्वागताच्या ओळीतही तो देवनागरीत लिहू नका.

नाव पक्कं करण्याआधी एका तेलुगू, एका कन्नड आणि एका दखनी उर्दू बोलणाऱ्या माणसाला ते ऐकवा. दाखवू नका, ऐकवा. सोलापुरात हे वगळून ठरवलेलं नाव अर्ध्या गावापुरतंच ठरतं, असं आमचं स्पष्ट मत आहे. जुन्या शब्दांचाही कान बदलतो. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी, म्हणून ती चाटी गल्ली. आज कुणी ‘चाटी’ नाव घेतलं तर नव्या पिढीला चाटणंच ऐकू येईल.

इंग्रजी श्लेष देवनागरीत चालेल का?

बहुतेक मोडतो. इंग्रजीतले असे बरेच श्लेष स्पेलिंगवर उभे असतात. केस या अर्थाचा ‘हेअर’ आणि ‘इथं’ या अर्थाचा ‘हिअर’ इंग्रजीत जवळ ऐकू येतात, देवनागरीत लिहिले की दोन वेगळे शब्द दिसतात. पाटी देवनागरीत लावायचीच आहे, तर नाव देवनागरीतच जुळवा.

पाटी मराठीत असणं सक्तीचं आहे का?

हो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली दुरुस्ती होऊन कलम ३६क आलं. दुकान लहान असो की मोठं, नामफलक देवनागरी लिपीत मराठीत हवा. दुसऱ्या भाषेत किंवा लिपीतही नाव लिहिता येतं, पण मराठी आधी आणि मराठी अक्षरं इतर अक्षरांपेक्षा लहान नकोत. कन्नड किंवा तेलुगू ओळ खाली द्यायला काहीच हरकत नाही.

याच कलमात आणखी एक अट आहे. जिथं दारू विकली किंवा दिली जाते तिथल्या फलकावर महापुरुष, महनीय स्त्रिया किंवा गडकिल्ल्यांची नावं लिहिता येत नाहीत.

नावाशिवाय पाटीवर आणखी काय लागतं?

जीएसटी नोंदणी असेल तर पंधरा अंकाक्षरांचा जीएसटी क्रमांक प्रवेशाजवळच्या नामफलकावर लागतो. कंपोझिशन योजनेत असाल तर तसा उल्लेखही. नोंदणी प्रमाणपत्र आत दिसेल असं लावायचं. भिंतीपासून पुढं आलेली किंवा छतावरची पाटी असेल, तर महापालिकेकडे आकाशचिन्ह परवान्याची चौकशी पाटी बनवण्याआधी करा. एकदा लोखंडी सांगाडा ठोकून झाला की माप बदलणं महागात पडतं.

या सगळ्यासाठी खाली जागा सोडा. नाव इतकं मोठं करू नका की ‘रसवंतीगृह’ किंवा ‘टॉवेल व चादरी’ ही साधी ओळ अंगठ्याएवढी होईल. श्लेषाच्या नावाला ती ओळ लागतेच.

एखाद्या मोठ्या ब्रँडच्या नावाला वाकवून नाव केलं तर? लोक हसतात, लक्षात ठेवतात.

करू नका. ट्रेडमार्क अधिनियम, १९९९ मध्ये विनोदाला सूट देणारं कलम नाही. कलम २९ खाली सारखं दिसणारं नाव तर अडचणीत येतंच, पण त्याच कलमाच्या पोटकलम ९ प्रमाणे नुसता तोंडी वापरही उल्लंघन ठरू शकतो. ‘आम्ही स्पेलिंग बदललंय’ हे उत्तर म्हणून लंगडं पडतं. जे नाव ऐकल्यावर मूळ ब्रँड आठवतो, ते नाव त्याच आठवणीवर जगत असतं. तुमचं त्यात काही नसतं.

आपल्या नावाचा ट्रेडमार्क घ्यावा का? कसा?

नाव खरंच चांगलं असेल तर घ्यावा, कारण चांगला श्लेष लगेच उचलला जातो. श्लेषाच्या नावाला नोंदणीत एक फायदाही असतो. नुसतं ‘ताजा रस’ असं वर्णनात्मक नाव कलम ९ खाली अडतं, ‘रसग्रहण’ हे रसाच्या दुकानाचं नेहमीचं वर्णन नाही.

आधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर मोफत शोध घ्या. शब्दाचा शोध घ्या आणि उच्चाराचाही घ्या, रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहून. मग तुमचा माल किंवा सेवा ट्रेडमार्कच्या कोणत्या वर्गात बसते ते ठरवा: टॉवेल-चादरी २४, चटणी ३०, बाटलीबंद रस ३२, पंक्चर व दुरुस्ती ३७, शिंपीकाम ४०, खानावळ किंवा रसाचं दुकान ४३, सलून ४४. चटणी दुकानात विकता आणि पाकिटावरही तेच नाव छापता, तर पाकिटासाठीचा वर्ग ३० आधी घ्या. दुकानासाठीचा ३५ नंतर घेतला तरी चालेल.

अर्ज टीएम-ए नमुन्यात भरायचा. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन शुल्क दर वर्गाला ४,५०० रुपये. मराठी शब्दाचा रोमन लिपीतला उच्चार आणि अर्थ द्यावा लागतो. तिथं दोन्ही अर्थ लिहा, एक लपवू नका. ट्रेडमार्क कार्यालयाच्या नियतकालिकात अर्ज प्रसिद्ध झाल्यावर चार महिने इतरांना आक्षेप घेता येतो. नोंदणी दहा वर्षांची, पुढं नूतनीकरण. नोंदणी होईपर्यंत टीएम लिहिता येतं, पण वर्तुळातला आर लिहू नका. नोंदणी नसताना तो लिहिणं कलम १०७ खाली गुन्हा आहे.

देवाधर्माच्या शब्दावर श्लेष केला तर चालेल?

शिंप्याच्या दुकानाला ‘शिवालय’ हा श्लेष भाषेच्या दृष्टीनं बिनचूक आहे. तरीही सिद्धरामेश्वरांच्या गावात तो करू नये, असं आम्ही सांगतो. धार्मिक भावना दुखावणारं नाव ट्रेडमार्कलाही अडतं. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी अशी नावं धंद्यासाठी वापरण्यावर १९५० च्या चिन्हे व नावे अधिनियमाचं बंधन आहे. पिठाच्या गिरणीला ‘विद्यापीठ’ म्हणायचा मोहही टाळा. संस्थेच्या नावातला ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द कायद्यानं विद्यापीठांसाठीच राखीव आहे, आणि हा त्याचाच मराठी प्रतिशब्द.

नावात ‘सोलापुरी’ घालावं का?

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. बाहेरगावचा माल ‘सोलापुरी चादर’ म्हणून विकला तर श्लेष कितीही छान असला तरी ती फसवणूकच. आणि सोलापुरात बसून सोलापुरी सांगायची गरज कमीच पडते.

पाटी बनवताना श्लेष कुठं बिघडतो?

तीन ठिकाणी. पहिलं, अक्षराची उंची. अडीच सेंटिमीटर उंचीचं अक्षर तीन मीटरवरून आरामात वाचता येतं, हा पाटीवाल्यांचा हिशेब. तीस मीटरवरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला वाचता यावं असं वाटत असेल, तर अक्षर पंचवीस सेंटिमीटरचं हवं. ही उंची शिरोरेषेपासून खालपर्यंतची. वेलांटी-मात्रेला वर आणि उकाराला खाली प्रत्येकी आठ-नऊ सेंटिमीटर वेगळे. साठ सेंटिमीटरच्या पाटीत मग धंद्याच्या ओळीला बेताचीच जागा उरते. मात्रा कापून किंवा उकार दाबून जागा काढू देऊ नका. ‘पूस’चा दीर्घ ऊ दबला की ‘पुस’ झालं आणि ‘विचारपूस’चं टोक गेलं.

दुसरं, फॉन्ट. मोबाइलवरून युनिकोडमध्ये पाठवलेला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाकला की रफार आणि पहिली वेलांटी जागा बदलतात. नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. कोरल ड्रॉमधली फाइल पक्की झाल्यावर अक्षरांचे कर्व्ह (फॉन्टवर अवलंबून नसलेल्या आकृत्या) करून घ्या, म्हणजे दुसऱ्या संगणकावर ती बदलणार नाहीत. छपाईआधी ए-फोर कागदावर प्रिंट काढा आणि ज्याला नाव माहीत नाही अशा माणसाकडून वाचून घ्या.

तिसरं, अनुस्वार. अ‍ॅक्रिलिकच्या अक्षरात तो सुटा, रुपयाएवढा तुकडा असतो, नुसत्या गोंदावर चिकटवलेला. पाठीमागचा पत्रा दिवसभर तापतो, रात्री गार होतो, गोंद सुटतो आणि आधी अनुस्वारच पडतो. ‘उसंत’चं ‘उसत’ झालं की ना ऊस उरतो ना विश्रांती. अनुस्वार शिरोरेषेला बारीक पट्टीनं जोडून एकाच तुकड्यात कापून घ्या, नाहीतर मागून स्क्रू मारून घ्या. दिव्यांची अक्षरं असतील तर नावाचे दोन भाग दोन वेगळ्या सप्लायवर देऊ नका. एक सप्लाय गेला की ‘ऊब’ विझते आणि रात्रभर नुसतं ‘दार’ चमकत राहतं.

गुगल मॅपवर आणि यूपीआयवर काय नाव टाकायचं?

मॅपवर पाटीवर आहे तेच. नावापुढं ‘बेस्ट टॉवेल शॉप’ वगैरे शेपूट लावणं गुगलच्या नियमात बसत नाही. धंद्याचा प्रकार वेगळ्या रकान्यात निवडा. रोमन लिपीतलं एकच स्पेलिंग ठरवा आणि बिल, पिशवी, व्हॉट्सअ‍ॅप सगळीकडे तेच ठेवा. चालू खातं दुकानाच्या नावानं नसेल तर पैसे देणाऱ्याला मालकाचं नाव दिसतं आणि तो थबकतो. खातं उघडताना गुमास्ता (दुकानाची नोंदणी) आणि उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी) यांवरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं असू द्या, नाहीतर ‘उबदार’, ‘ऊबदार’ आणि ‘ऊब-दार’ ही बँकेला तीन दुकानं वाटतात. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते.

गड्ड्याच्या यात्रेतल्या स्टॉलसाठी असं नाव उपयोगी पडतं का?

अभंग श्लेष असेल तर पडतं. गर्दीत माणूस चालत-ढकलत पुढं जातो, शब्द तोडून पाहायला थांबत नाही. ‘हवापालट’ कळतं, ‘ऊब-दार’ कळायच्या आत तो पुढच्या पाळण्याकडे गेलेला असतो. तिथं नावापेक्षा मालाची ओळ मोठी करा.

कोणत्या धंद्यानं श्लेष टाळावा?

दवाखाना, औषधाचं दुकान, पतसंस्था, अंत्यविधीचं साहित्य. माणूस तिथं मनात काळजी घेऊन येतो. दातांच्या डॉक्टरांना हसरं नाव शोभतं असं पुष्कळांना वाटतं, पण दाढ ठणकत असताना दारावरचा श्लेष वाचायची कुणाची तयारी नसते.

नाव ठेवून झालं, आता ते खटकतंय. बदलायचं का?

सहा महिन्यांच्या आत असेल तर बदला. त्यानंतर आधी पाहा, लोक तुमचं दुकान कोणत्या नावानं सांगतात. ‘चौकातला टॉवेलवाला’ म्हणत असतील तर नाव रुजलेलंच नाही, बदलायला काही हरकत नाही. लोकांनी नावाचं लघुरूप केलं असेल, ‘विचारपूस’चं नुसतं ‘पूस’ झालं असेल, तर हात लावू नका. बदलायचंच ठरलं तर गुमास्ता, जीएसटी, बँक, मॅप आणि शेवटी पाटी, या क्रमानं. जुन्या नावाची लहान पट्टी नव्या पाटीखाली निदान एक दिवाळी राहू द्या.